जंगलातून चेस्टनट आणलेत, खाऊ की नको? (आणि आई विचारतेय उपासाला चालतात का)

रेडिंगची_रेवा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घाईचा आहे म्हणून डायरेक्ट मुद्द्यावर येते. आम्ही इंग्लंडला रेडिंगजवळ राहतो, आई वाईहून सहा महिन्यांसाठी आलीये, आणि काल रविवारी ऊन पडलं म्हणून आई, मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा असे घरामागच्या जंगलात फिरायला गेलो. तिथे झाडाखाली नुसता सडा पडलेला, काटेरी बोंडं फुटून आतून चॉकलेटी चकचकीत बिया बाहेर आलेल्या. मी इथे पाच वर्षं आहे पण कधी वाकून उचलल्या नव्हत्या, आईला मात्र राहवलं नाही. तिचं लहानपण करवंदं, तोरणं, आळू गोळा करण्यात गेलंय, ती म्हणाली एवढं देवाने टाकलंय आणि तुम्ही तुडवत चाललाय. साडी नेसलेली नव्हती तर माझ्या रेनकोटचा ओटा करून भरल्या तिने! तिथून चर्चच्या बाजूच्या रस्त्याने घरी आलो, तिकडेही एक मोठं झाड होतं, त्याच्याखालच्याही घेतल्या. आता सगळं एकाच पिशवीत आहे, अंदाजे दोन किलो तरी असेल.

आता घोळ असा झाला की येताना कुत्रा फिरवणारी एक बाई आमच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, लव्हली कॉंकर्स. घरी येऊन नवऱ्याने फोनवर फोटो काढून शोधलं तर एकदा स्वीट चेस्टनट आलं आणि त्याच पिशवीतल्या दुसऱ्या बीला हॉर्स चेस्टनट. आई म्हणते नाव काही का असेना, कुकरला दोन शिट्ट्या दिल्या की सगळं खाता येतं. तिचे नवरात्राचे उपास चालू आहेत आणि कोणीतरी तिला सांगितलंय की चेस्टनट म्हणजेच शिंगाडा, त्यामुळे तिच्या डोक्यात ते उपासाला चालणार हे फिक्स झालंय.

शिवाय पोराने खिशातून अजून काय काय काढलं. थोडी लालचुटुक लांबट फळं (काटेरी झुडपावरची), थोडी निळसर काळी गोल, आणि चर्चच्या भिंतीजवळची काही मऊ लाल फळं, मधे खड्डा असलेली, आत एक बी दिसते. दिसायला जाम गोड आहेत.

यातलं काय ठेवू आणि काय टाकू? कुकर अजून लावलेला नाही, आईला थोपवून धरलंय.

---

खारुताई

रेवा, बाकी सगळं नंतर. ती चर्चच्या भिंतीजवळची मऊ लाल खड्डेवाली फळं आत्ता उठून टाक आणि पोराला नीट विचार की त्याने एखादं तोंडात घातलं का, बी चावली का. ते यू चं झाड आहे, इथल्या बहुतेक जुन्या चर्चच्या आवारात असतं. वरचा लाल गर सोडला तर पानं, बी, साल सगळं विषारी आहे आणि बी चावली गेली तर हृदयावर परिणाम होतो. आपल्याकडे गुंजा कशा दिसायला सुंदर आणि पोटात गेल्या की जीवावर, तसलाच प्रकार समज. खाल्लंय अशी नुसती शंका असली तरी १११ ला (इथला सरकारी आरोग्य सल्ल्याचा नंबर) फोन कर, लक्षणं दिसायची वाट बघत बसू नको. काही त्रास दिसत असेल तर सरळ ९९९, ॲम्ब्युलन्सचा.

आणि कुकर लावू नको. चेस्टनटचं सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता ऑफिसात आहे. तोवर एक काम कर, परत त्या झाडाखाली जा आणि पान घेऊन ये. दोन्ही ठिकाणचं.

---

रेडिंगची_रेवा

बापरे. टाकली. पोराला तीन वेळा विचारलं, नाही खाल्लं म्हणतो, "आजी म्हणाली आधी धुवायची असतात" असं उत्तर दिलं त्याने. आजीचे आभार. हात धुतले, खिसा उलटा करून धुवायला टाकला. पानं आणते.

---

नुसता_वाचक

एक बेसिक शंका, रागावू नका. असं कुणाच्याही जंगलातून पिशव्या भरून आणणं ही चोरी नाही का? आमच्या ऑफिसातला एक गोरा म्हणाला दंड होतो.

---

खारुताई

@नुसता_वाचक शंका बरोबर आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९६८ चा थेफ्ट ॲक्ट आहे, त्यात स्पष्ट लिहिलंय की आपोआप उगवलेल्या झाडाची फळं, फुलं, पाला किंवा जंगली मशरूम तोडणं ही चोरी धरत नाहीत, फक्त विकायला नेत असाल तर धरतात. पण म्हणून कुणाच्याही कुंपणात घुसायचा परवाना मिळाला असं नाही, आणि झाड मुळासकट उपटायचं नाही, त्याचा कायदा वेगळा आहे. शिवाय काही जागांचे स्वतःचे नियम असतात. लंडनच्या रॉयल पार्क्समध्ये, म्हणजे रिचमंड पार्क, बुशी पार्क वगैरे, काहीही वेचायला बंदी आहे, चेस्टनटसुद्धा, कारण तिथल्या हरणांचं ते हिवाळ्याआधीचं खाणं आहे. गेटवरची पाटी वाचायची एवढंच.

आता रेवा, तुझं. पानं आणलीस का? नसतील आणली तरी लिहिते, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

बी बघून ओळखायला जाऊ नकोस, बी बघूनच सगळे फसतात. झाड बघ. हॉर्स चेस्टनटचं पान आपल्या काटेसावरीसारखं असतं, एका देठावर पंजासारखी पाच ते सात पानं. स्वीट चेस्टनटचं पान एकटं, लांबलचक, आंब्याच्या पानाला कडेने करवतीचे दात काढले तर कसं दिसेल तसं. एवढ्यावरच नव्वद टक्के काम होतं. आत्ता ऑक्टोबरात तर अजून एक खूण आहे, हॉर्स चेस्टनटची पानं ऑगस्टपासूनच तपकिरी, करपल्यासारखी होतात, त्याला एका बारक्या पतंगाची कीड लागते जी पान आतून पोखरते. २००२ मध्ये विम्बल्डनला पहिल्यांदा सापडली आणि आता सगळीकडे आहे. म्हणजे बाकीची झाडं अजून हिरवी-पिवळी आणि हे एकटंच भाजल्यासारखं दिसत असेल तर ते बहुधा तेच.

मग बोंड बघ. हॉर्सचं बोंड म्हणजे अगदी धोतऱ्याचं बोंड, जाड हिरवी साल आणि त्यावर लांब लांब अंतरावर आखूड काटे, हातात धरता येतं. स्वीटचं बोंड म्हणजे साळिंदराचं पिल्लू, बारीक सुयांची नुसती दाटी, उघड्या हाताने धरूनच दाखव. मी पहिल्या वर्षी धरलं होतं, दोन दिवस बोटातून सुया काढत होते, तेव्हापासून बुटाने दाबून फोडते.

आणि सगळ्यात शेवटी बी. स्वीटला एका टोकाला शेंडी असते, वाळक्या केसांचा छोटा झुपका, आणि एक बाजू चपटी, कारण एका बोंडात दोन-तीन जणी दाटीवाटीने बसलेल्या असतात. हॉर्स गुबगुबीत गोल, पॉलिश केल्यासारखी, शेंडी अजिबात नाही, आणि बुडाला मोठा पांढुरका डाग. तुझ्या पिशवीत ज्या जास्त सुंदर दिसतायत ना, त्याच खायच्या नाहीत. त्या कुत्रेवाल्या बाईचे कॉंकर्स ते हेच. पोरं त्याला भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकमेकांच्या कॉंकरवर आपटून फोडतात, तुझ्या मुलाला शाळेत विचार, त्याला तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

कुकरच्या दोन शिट्ट्यांचं म्हणशील तर आईंना सांग, उपयोग नाही. हॉर्समध्ये एस्क्युलिन आणि सॅपोनिन असतं, साधं उकडून भाजून ते जात नाही. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. माणूस सहसा मरत नाही पण नवरात्राची वाट लागते.

यांचा उपयोग सरकारदरबारीही झालाय. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, इथल्या शाळेतल्या पोरांना कॉंकर गोळा करायला लावले होते, त्यापासून ॲसिटोन करायचं आणि त्यातून बंदुकीच्या गोळ्यांसाठी कॉर्डाइट नावाची स्फोटक दारू. पोरांना कशासाठी ते सांगितलंही नव्हतं.

राहिली पोराची बाकीची दौलत. लाल लांबट म्हणजे रोझहिप, जंगली गुलाबाचं फळ. त्यात व्हिटॅमिन सी भरपूर, दुसऱ्या महायुद्धात संत्री यायची बंद झाली तेव्हा लोकांनी हीच गोळा करून सिरप केलं आणि पोरांना चमचा चमचा पाजलं. पण फोडून आतल्या बिया चावायच्या नाहीत, बियांभोवती बारीक केस असतात, घशात आणि कातडीला खाज सुटते. खाजकुयली आठवतेय ना? तशी. उकळून दोनदा फडक्यातून गाळायचं. निळी काळी गोल फळं काट्याच्या झुडपावरची असतील, एकेकटी, वर द्राक्षासारखी पांढुरकी धूळ, आत एक कडक आठळी, तर ते स्लो. विषारी नाही पण कच्चं चावलंस तर काजूच्या हिरव्या बोंडासारखा घसा धरतो. लोक थंडी पडल्यावर तोडून जिनमध्ये घालतात, मी फ्रीजरमध्ये ठेवून मग गूळ घालून चटणी करते, आमसुलाच्या जवळपास जाते. पण झुडूप कुठलं ते पोराला आठवत नसेल तर सरळ टाक, काळी फळं इथे बऱ्याच झाडांना येतात आणि त्यातली काही फार वाईट आहेत.

---

मॅनहाइमचा_मिरजकर

खारुताईंनी सगळं सांगूनच टाकलंय, मी फक्त फोडणी देतो.

पहिली गोष्ट, चेस्टनट आणि शिंगाडा यांचा काडीचा संबंध नाही. शिंगाडा तळ्यात येतो, इंग्रजीत त्याला वॉटर चेस्टनट म्हणून कोणीतरी नाव ठेवलं आणि आपल्या आयांची फसवणूक झाली. (चायनीजमध्ये घालतात तो वॉटर चेस्टनट अजून तिसराच, तो विषय नको.)

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. हॉर्स चेस्टनट कुणाच्या भाऊबंदांतलं आहे माहितीये? रिठ्याच्या. खरंच, एकाच कुळातली झाडं, लिचीपण त्यातच येते. आणि खारुताई ज्या सॅपोनिनबद्दल बोलल्या ते म्हणजेच रिठ्याचा फेस. इकडे जर्मनीत हल्ली पर्यावरणवाल्या लोकांमधे कॉंकरने कपडे धुवायचं वेड आहे. आठ-दहा बिया घ्यायच्या, सुरीने चार तुकडे करायचे (जपून, सटकतात, मी बोट कापून घेतलंय) किंवा कापडात गुंडाळून हातोडीने ठेचायच्या, आणि बरणीत गरम पाणी घालून रात्रभर ठेवायच्या. सकाळी पाणी दुधासारखं पांढुरकं होतं, बरणी हलवली की फेस. गाळून मशीनमधे साबणाच्या जागी. तेलकट डाग जात नाहीत पण रोजचे कपडे, लोकरीचं काही असेल तर छान निघतं. पांढऱ्या कपड्यांना तपकिरी साल काढून टाकायची नाहीतर हळूहळू पिवळट होतात. बायकोने आधी मला वेड्यात काढलं, आता तिची पैठणी सोडून सगळं त्यातच जातं.

म्हणजे रेवा, तुझी अर्धी पिशवी वाया नाही गेली. आईंना रिठा म्हटलं की लगेच पटेल.

खायच्या चेस्टनटचं बोलायचं तर आमच्याकडे जवळच फाल्झचं जंगल आहे, तिथे द्राक्षाच्या मळ्यांच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर स्वीट चेस्टनटची झाडंच झाडं. तिथले लोक त्यांना केष्टे म्हणतात आणि ऑक्टोबरात गावोगाव त्याच्या जत्रा भरतात, चेस्टनटचं सूप, चेस्टनट घातलेला सॉसेज, सगळं. नियम इकडेही आहे, कायद्यात आहे पण लोक त्याला हातातल्या गुच्छाचा नियम म्हणतात, म्हणजे स्वतःपुरतं थोडं घ्या, ट्रॉली भरू नका. मळ्यातली आणि खाजगी झाडं सोडायची.

करायची पद्धत: आणल्या आणल्या पाण्यात टाक. ज्या तरंगतील त्या काढून टाक, त्यात अळी असते किंवा आतून सुकलेल्या असतात. बाकीच्यांना चपट्या बाजूला सुरीने फुलीची चीर दे. प्रत्येकीला. मी पहिल्या वर्षी दहा-बाराला चीर द्यायला विसरलो, ओव्हनमध्ये वीस मिनिटांनी लक्ष्मी बॉम्ब लागल्यासारखे आवाज, शेजारची आजी दार वाजवायला आली, ओव्हनच्या छताला चिकटलेला पिठूळ थर खरवडण्यात माझा रविवार गेला. २०० डिग्रीला वीस-पंचवीस मिनिटं, चीर उलगडून पिवळा गर दिसला की काढायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायच्या आणि गरम असतानाच सोलायच्या. थंड झाल्या की आतली तुरट पापुद्र्याची साल असली चिकटते की विचारू नका.

आणि साठवायला जाऊ नका. याला बदाम-अक्रोडासारखं तेल नसतं, निम्मं तर पाणीच, बाकी सगळा स्टार्च, चवीला रताळं आणि उकडलेल्या फणसाच्या आठळीच्या मधलं काहीतरी. डब्यात ठेवलं की आठवड्यात बुरशी. फ्रीजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.

---

पोटोमॅककाठचा

तुम्ही लोक नशीबवान, तुमच्याकडे चेस्टनटची झाडं तरी आहेत. इकडे अमेरिकेत पूर्वेच्या जंगलांमधे एकेकाळी हेच मुख्य झाड होतं. १९०४ मधे न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स झू मधे एक बुरशी दिसली, आशियातून आणलेल्या झाडांबरोबर आलेली, आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत तीन-चारशे कोटी झाडं गेली. जुन्या खोडांच्या मुळांतून अजून फुटवे येतात, माणसापेक्षा जरा उंच झाले की परत वाळतात. ट्रेकला जाताना एक असं खोड आहे, दर वर्षी बघतो. आता इथल्या बागेत जे चेस्टनट मिळतात ते बहुतेक चायनीज जातीचे.

माझा किस्सा अक्रोडाचा आहे. मागच्या शरदात ऑफिसच्या पार्किंगमागे हिरवे टेनिस बॉल पडलेले दिसले, ब्लॅक वॉलनट. फुकट अक्रोड म्हणून मी दोन बादल्या भरल्या आणि घरी बसून हाताने हिरवी साल सोलली. ग्लोव्हज नाही काही नाही. हात आधी पिवळे, मग तपकिरी, आणि सकाळी उठलो तर कोळसा. लिंबू, डेटॉल, पितांबरी, सगळं झालं, काही उपयोग नाही, ती शाई कातडी निघेपर्यंत राहते. आणि दोन दिवसांनी आमच्या मंडळाच्या कोजागिरीला मला दूध वाटायला उभं केलेलं. लोक माझ्या हातातला ग्लास घ्यायच्या आधी माझ्या बोटांकडे बघत होते. त्यानंतर दोन-तीन आठवडे अक्रोड वाळवले, फोडायला गेलो तर अडकित्ता वाकला, शेवटी गॅरेजमध्ये विटेवर ठेवून हातोडीने. दोन बादल्यांतून वाटीभर गर. चव मात्र बाजारच्या अक्रोडाला कधीच येणार नाही, उग्र, थोडी दारूसारखी. हिरव्या साली टोमॅटोच्या वाफ्यात टाकू नका, त्यातल्या द्रव्याने टोमॅटो मरतो, तेही करून झालंय.

पण खरी गोष्ट जी मला सांगायची आहे ती पॉपॉ. सप्टेंबरमधे नदीकाठच्या सावलीत बारकी झाडं, मोठी लोंबती पानं, आणि हिरवट फळं, छोट्या आंब्याएवढी. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसाने दाखवलं, झाड हलकं हलवायचं, जे पडेल तेच पिकलेलं. मी फोडलं आणि चमच्याने खाल्लं आणि तिथेच ओरडलो, अरे हे सीताफळ आहे! केळं कुस्करून घातलेलं सीताफळ. घरी येऊन शोधलं तर खरंच सीताफळाच्याच कुळातलं, त्या कुळातलं थंडीत टिकणारं हे एकच खाण्यातलं फळ इतक्या उत्तरेला येतं. बियापण तशाच काळ्या गुळगुळीत, फक्त सीताफळाच्या बीपेक्षा मोठ्या (बी आणि साल खायची नाही, पोट बिघडतं). दुकानात कधी दिसणार नाही कारण झाडावरून पडलं की दोन-तीन दिवसांत काळं पडतं. पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून नदीकाठी उभं राहून खाऊन दाखवलं, त्या दौलताबादच्या आहेत, सीताफळाच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. म्हणाल्या, "रंगावरून तर नासलेलं दिसतंय."

पोरं असतील तर अजून एक: पोकवीड. जांभळ्या दांड्याला काळ्याभोर फळांचे घोस, अगदी द्राक्षं. विषारी. आमच्या सोसायटीच्या कुंपणालाच आहे.

---

भंडाऱ्याचा_भाचा

राजेहो, तुमचं वाचून मजा आली. काळ्या हातावरून आठवलं, आमच्याकडं बिब्बा. जंगलातून बिबे आणतात, वरची केशरी फुलं वाळवून आपण खातो, लय गोड, आणि खालच्या काळ्या बीत गोडंबी. तीच जी हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात घालता. पण ती काढायची म्हणजे त्या सालीतलं काळं तेल अंगावर उडालं की संपलं, फोड येतात, महिनाभर डाग. पूर्वी धोबी त्याच तेलानं कपड्यावर खुणा करायचे, किती धुतलं तरी जात नाही, मग कातडीवरून कसं जाईल. आमच्या मामीच्या गावच्या बाया हाताला तेल आणि राख फासून दगडावर एक एक फोडतात, बोटाची नखं बघवत नाहीत. आणि काही लोकांना तर नुसतं झाडाखालून गेलं तरी उततं. मी सहावीत असताना जंगलात एक बिबा खिशात टाकून घरी आलो, मांडीवर ही एवढी मोठी फोडं, आईनं आधी खोबरेल लावलं आणि मग हाणलं.

बाजारात गोडंबी महाग म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी एकदा फोडून पाहावी.

आमच्या आज्यानं एकच पाहिलं, पोराला एकट्याला जंगलात फळ तोडू दिलं नाही, कोणतं झाड आहे ते नाव घेऊन सांग, मग तोड. नाव येत नसंल तर हात मागं. रेवाताई, तुमच्या आईला वाईच्या जंगलातली सगळी नावं येत असतील, तिथल्या झाडाचं एकही नाही ना येत. मग तिथं तिचा नातू मोठा अन् ती लहान.

---

नुसता_वाचक

@मॅनहाइमचा_मिरजकर फेस येतो की नाही बघून विषारी कोणतं ते ओळखता येईल का मग? म्हणजे दोन्ही भिजवून बघायचं.

---

मॅनहाइमचा_मिरजकर

नको नको नको. असले घरगुती शोध लावू नका. पान आणि बोंड बघा, शेंडी बघा. ज्याची खात्री नाही ते साबणाच्या बरणीत.

---

रेडिंगची_रेवा

अपडेट देते, सगळ्यांचे खूप खूप आभार.

सकाळी मुलाला शाळेत सोडून आईला घेऊन परत गेले. आधी जंगलातलं झाड. पान लांब, करवतीचे दात, बोंड म्हणजे सुयांचा गोळा, खोडावर साल पिळल्यासारखी तिरकी गेलेली. मग चर्चजवळचं. पान पंजासारखं, तपकिरी, करपलेलं. आई एक मिनिट नुसती बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर सावर." मी म्हटलं सावर नाही गं, पण भंडाऱ्याच्या दादांचं आठवून गप्प बसले, आणि मग तीच म्हणाली, "नाही, सावरीच्या खोडाला काटे असतात, याला नाहीत." पुढचा अर्धा तास ती मला शिकवत होती की मी तिला, काही कळलं नाही.

घरी येऊन डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून निवडायला बसलो. तांदूळ निवडतात तसं आईने एक एक बी उचलून शेंडी चाचपली. पिशवीत दोन तृतीयांश तरी कॉंकर निघाले! म्हणजे कुकर लावला असता तर काय झालं असतं, मी विचार करायचं सोडून दिलंय. खायच्या जेमतेम पाऊण किलो, त्यातल्या वीसेक पाण्यावर तरंगल्या, दोघींना तर भोक पाडून अळी बाहेरच येत होती, आईने ती अळी कागदावर घेऊन बागेत नेऊन सोडली.

उरलेल्यांना चीर दिली. ओव्हनवर आईचा विश्वास नाही म्हणून शेवटी कुकरलाच दोन शिट्ट्या दिल्या, सोलताना बोटं भाजली, पण सोलल्या गेल्या. साजूक तुपात जिरं, हिरवी मिरची, दाण्याचं कूट, वरून लिंबू आणि साखरेची चिमूट, रताळ्याच्या किसासारखं परतलं. इंग्लंडचे चेस्टनट बारके असतात त्यामुळे निवडणं-सोलणं धरून दोन तासांच्या कामाला दोन वाट्या आल्या. पण चव काय सांगू. मुलगा शाळेतून आला आणि पातेलंच घेऊन बसला.

उपासाचं: आईने आत्याला वाईला फोन लावला, आत्याने पुजाऱ्यांना विचारलं, पुजारी म्हणाले आम्ही हे नाव ऐकलेलं नाही. मग आईने स्वतःच ठरवलं की ज्याचं पंचांगात नावच नाही त्याला बंदी कशी असेल, आणि अर्धी वाटी खाल्ली.

कॉंकर भिजवले. सकाळी बरणी हलवली आणि खरंच फेस! आईने तिची लोकरीची शाल त्यात धुतली आणि रॅडिएटरवर टाकलीये, मऊ झालीये म्हणते. उरलेल्यांतला एक मुलाने दोरीत ओवलाय, शाळेत कोणाचे तरी चार फोडून आला.

आता तिचा नवीन प्रश्न, जाताना दोन किलो कॉंकर बॅगेतून वाईला नेता येतील का, साड्या धुवायला.

---

खारुताई

बिया विमानातून नेऊ नये, कस्टमवाले धरतील. आणि आईंना सांग, वाईच्या बाजारात रिठे मिळतात :)